जागतिक बाजारांचा साप्ताहिक आढावा वाचताना या चुका टाळा

नुसता शुक्रवार ते शुक्रवारचा बदल बघून आठवडा शांत गेला असं धरू नका. २ ऑगस्ट २०२४ ला अमेरिकेचा शेअर निर्देशांक एस अँड पी ५०० बंद झाला ५३४६ वर, ९ ऑगस्टला ५३४४ वर. मधल्या सोमवारी मात्र हाच निर्देशांक ३ टक्के आपटला होता आणि अस्थिरता मोजणारा व्हिक्स दिवसभरात ६५ च्या वर जाऊन आला होता. साप्ताहिक बदलाशेजारी आठवड्याचा उच्चांक-नीचांकही टिपून ठेवा.

त्याच सोमवारी जपानचा निक्केई ४४५१ अंशांनी कोसळला. ‘इतिहासातली सर्वांत मोठी घसरण’ हे अंशांपुरतंच खरं. टक्क्यांत ती १२.४, ऑक्टोबर १९८७ मध्ये एका दिवसात ३८३६ अंशच गेले, पण ते होते १४.९ टक्के. अंश दिसले की आदल्या बंद भावाने भागायचं, निम्मी घबराट तिथेच जिरते. मंगळवारी निक्केई १०.२ टक्के उसळला. मग नुकसान २.२ टक्केच उरलं? नाही. १०० चे ८७.६ झाले, त्यावर १०.२ टक्के वाढ धरली तर ९६.५. म्हणजे खड्डा साडेतीन टक्क्यांचा.

घड्याळही बघा. अमेरिकेचा रोजगार अहवाल सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, आपल्याकडच्या संध्याकाळी ६ ला (तिकडच्या हिवाळ्यात ७ ला) येतो. तोवर मुंबई, टोकियो बंद. २ ऑगस्टच्या कमकुवत अहवालाचे पडसाद म्हणूनच सोमवारी उमटले; सेन्सेक्स पावणेतीन टक्के उतरला. तरी सगळं खापर त्या अहवालावर फोडणं चूक. बँक ऑफ जपानने ३१ जुलैला व्याजदर ०.२५ टक्क्यांवर नेला होता. येन वधारला आणि स्वस्त येन कर्जाऊ उचलून बाहेर पैसा लावणाऱ्यांना सौदे घाईघाईने मोडावे लागले. शिवाय पहिला आकडा कच्चा असतो: जुलैच्या १.१४ लाख नव्या नोकऱ्या पुढच्या महिन्यात ८९ हजार झाल्या, त्याच्या पुढच्या महिन्यात १.४४ लाख!

अमेरिकेचा जीडीपी तिमाही वाढ वार्षिक दरात मांडतो, आपला वर्षापूर्वीच्या तिमाहीशी तुलना करतो. तिकडची ०.७ टक्के तिमाही वाढ २.८ म्हणून छापली जाते. दोन्ही शेजारी ठेवू नका.

रोख्यांचं यील्ड (आजच्या भावाने मिळणारा वार्षिक परतावा) ४ वरून ४.२ टक्क्यांवर गेलं तर ती वाढ २० बेसिस पॉइंटची (एक पॉइंट म्हणजे टक्क्याचा शंभरावा भाग), आणि रोख्याचा भाव तेव्हा पडलेला असतो. अमेरिकी फंडात पैसे असतील तर डॉलरचा भावही तपासा. निर्देशांक २ टक्के वर आणि रुपया १ टक्का मजबूत, तर हाती साधारण १ टक्काच येतो.