नॅचरल, रीफिलवाला डिओ घेताय? निदान या चुका तरी करू नका

होळी झाली की मला नातेवाईकांचे फोटो यायला लागतात. कधी लालबुंद काखेचा, कधी पर्समध्ये सांडलेल्या डबीचा. खाली ठरलेलं वाक्य: "ताई, तू म्हणालीस म्हणून नॅचरल घेतला, बघ काय झालं." मी जे म्हणाले होते त्यातलं निम्मंच यांनी ऐकलेलं असतं. उरलेलं निम्मं आता एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं.

मी भुसावळची. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. ऑनलाइन दिसणारे निम्मे नॅचरल डिओ थंड मुलखातल्या रेसिपीवरून बनवलेले असतात. फोटोत ती स्टिक कशी छान ताठ उभी असते! खोबरेल तेल 24-25 अंशांना वितळतं, शिया बटर 35 च्या आसपास. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, म्हणून मी पहिली तीन-चार नावंच वाचते. तिथे नुसतं खोबरेल आणि शिया असेल आणि मेणाचा पत्ता नसेल, तर ती वस्तू खान्देशात मार्च ते जून स्टिक म्हणून टिकत नाही. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांपर्यंत दम धरतं. ते वरच्या नावांत दिसलं तरच उन्हाळ्यासाठी घ्यावी. एवढं बघायचं नसेल तर सरळ काचेच्या बाटलीतला पाणीदार रोल-ऑन घ्या. मुळातच पातळ असलेली गोष्ट अजून काय वितळणार?

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या आठवड्यात अमळनेरला मावसबहिणीचं लग्न होतं. नवी कोरी धातूची डबी पर्समध्ये, पर्स गाडीत, गाडी मांडवाबाहेर उन्हात. दुपारी पर्स उघडली तर रुमाल, मोबाईलचं कव्हर, आहेराचं पाकीट, सगळं तेलात. रेशमी ब्लाउजच्या बाहीवर तळहाताएवढा डाग. मावशीने बोट लावून वास घेतला आणि चारचौघींत विचारलं, "हाई काय शे वं, तूप?" तो डाग आजही तसाच आहे.

पण खरी चूक त्यानंतरची. डबीत अर्धाअधिक माल शिल्लक होता. साडेचारशे रुपये दिलेले, टाकवेना. घरी येऊन फ्रीजमध्ये ठेवली, सकाळी घट्ट झाली, मी खूश. पुढचे काही दिवस तिचा उपयोग शून्य, दुपारपर्यंत वास यायचा. मी मनात कंपनीला शिव्या दिल्या आणि नेटाने वापरत राहिले. डबीचा तळ जवळ आला तशी काख चुरचुरायला लागली, मग लाल, मग कातडी सोलली. डोक्यात प्रकाश पडायला फार उशीर लागला. त्यात खाण्याचा सोडा होता. तेल पातळ झालं तेव्हा सोड्याची पूड तळाशी बसली आणि फ्रीजमध्ये ते थर तसेच गोठले. वर नुसतं तेल, खाली जवळजवळ नुसता सोडा.

तेव्हापासूनची माझी सवय: डबी वितळली तर आधी काडीने तळापासून ढवळायची, गार होत मिश्रण दाटसर होईपर्यंत ढवळत राहायचं, मगच फ्रीजमध्ये ठेवायचं. उन्हाळ्यात डबीची जागा माठाच्या तिवईवर, ओल्या फडक्याशेजारी. घरचे हसतात. हसू देत.

सोड्याबद्दल अजून थोडं. आपल्या त्वचेचा पीएच साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे आम्लाकडे झुकलेला. सोड्याचं पाणी 8 च्या वर. कुणाला वर्षानुवर्षं काही होत नाही, कुणाला तिसऱ्या दिवशी चट्टे उठतात. लेबलवर तो 'सोडियम बायकार्बोनेट' या नावाने बसलेला असतो. त्याच्या जागी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असलेले डिओ मिळतात. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून बहुतेकांना सौम्य पडतं. नवीन काहीही घेतलं की मी चार दिवस फक्त डाव्या काखेला लावते. उजवी साक्षीदार. मनगटाला एकदा चोळून "मला काही होत नाही" म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आणि काख लाल झाली की "विष बाहेर पडतंय, डिटॉक्स चाललाय" असं मला कृपा करून सांगू नका. घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असतं. शरीराची सफाई यकृत आणि मूत्रपिंड करतात, काखेला ते काम दिलेलं नाही. लाल झालं म्हणजे त्वचा नको म्हणतेय. बंद करा, आणि आठवड्यात उतरलं नाही तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

'घाम थांबतच नाही' ही तक्रार चुकीच्या दुकानात चाललीय. घाम अडवतो तो अँटिपर्स्पिरंट, त्यातले अॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळ्यांच्या तोंडाशी बुच बसवतात. डिओचं काम वासापुरतं. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळपास नसतोच, काखेतले जिवाणू तो घाम खातात तेव्हा वास सुटतो. मे महिन्यात दुपारी काख धुऊन, कोरडी करून दुसऱ्यांदा लावावा लागतो. सकाळी लावून रात्रीपर्यंतची अपेक्षा धरणाऱ्यांनी महाबळेश्वरला राहायला जावं.

आता रीफिल. इथे लोक डबीच्या प्रेमात पडतात. मीही पडले होते. जड, देखणी, स्क्रूवाली डबी. वर्षभराने त्या कंपनीने रीफिलचा आकारच बदलला. जुन्या डबीत आता माझ्या सुया आणि हूक राहतात. धातूची डबी बनवायला कागदी नळीपेक्षा जास्त ऊर्जा जाते, त्यामुळे ती पुन्हा पुन्हा भरली तरच तिला अर्थ आहे. म्हणून डबी घेण्याआधी रीफिलचं पान उघडा. रीफिल आत्ता उपलब्ध आहे का, आपल्या पिनकोडला येतं का, आणि कशात गुंडाळून येतं? प्रत्येक वडी प्लास्टिकच्या कपात आणि वर बबल रॅप असेल तर पर्यावरणाचं नाव कशाला काढायचं? मी कागदात येणारी वडी घेते, तीही होळीच्या आधी दोन एकदम मागवते. एप्रिलमध्ये मागवलेली वडी कुरिअरच्या गाडीतून सूप होऊन येते. भरण्याआधी डबी गरम पाणी आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. जुन्या थरावर नवी वडी दाबणारे आळशी लोक मी पाहिलेत, महिन्याभरात खवट वास येतो.

'अॅल्युमिनियम-फ्री' हवं म्हणून महागडा 'क्रिस्टल' घेणाऱ्यांसाठी: तो बहुतेक वेळा तुरटीचा खडा असतो, आणि तुरटी हा पोटॅशियम-अॅल्युमिनियमचाच क्षार आहे. तुरटी वाईट नाही, मीही वापरते. पण ती किराणा दुकानात काही रुपयांत मिळते, वेष्टन शून्य. ओली करून फिरवायची, खडा पुसून कोरडा ठेवायचा. मोरीत ओला राहिला तर विरघळून जातो आणि फुटला की कडा लागतात.

बाकी किरकोळ. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका, कातडी भाजल्यासारखी काळी पडते. दाढीच्या पात्याने केस काढल्यावर लगेच काही लावू नका, रात्री काढा, सकाळी लावा. टी ट्री किंवा कुठलंही सुगंधी तेल थेट बाटलीतून काखेत नको. आणि पॉलिस्टरचा शर्ट घालून डिओला दोष देऊ नका, त्या कापडात वास सुतीपेक्षा जास्त धरतो. कापसाच्या मुलखात राहून हे मला सांगावं लागतंय!

मावशीला पुढच्या दिवाळीला मी मेणवाली, बिनसोड्याची डबी नेऊन दिली. तिने ती टाचांच्या भेगांना लावून संपवली. रीफिल आण म्हणते.