खाऱ्या टाकीतलं शेवाळ: ब्रश उचलण्याआधी

समुद्री माशांच्या खाऱ्या टाकीत काचेवर शेवाळ दिसलं की हात आधी ब्रशकडे जातो. थोडं थांबा, ते कोणतं आहे ते बघा.

नव्या टाकीत वाळूवर तपकिरी भुकटी पसरल्यासारखी दिसते ते डायटम. पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात. पुसा आणि विसरा. लालसर-जांभळी बुळबुळीत साय पापुद्र्यासारखी सुटून येत असेल, तर ते सायनोबॅक्टेरिया. दगडावर केसांसारखं हिरवं शेवाळ म्हणजे पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, जास्त. आणि शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यांत अडकलेले बुडबुडे, रात्री विरळ आणि दुपारपर्यंत पुन्हा दाट, हे डायनोफ्लॅजेलेट. ते बहुधा नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेल्यावर येतात. तिथे पाणी बदलत सुटलात तर आणखी फोफावतील.

मग पाणी तपासायची टेस्ट किट काढा. अमोनिया आणि नायट्राइट माशांना विषारी, ते शून्यच हवेत. नसतील तर शेवाळ बाजूला ठेवा, पाव टाकी पाणी बदला आणि दगडामागे मेलेला मासा आहे का ते शोधा. नायट्रेट लिटरला 5 ते 10 मिलिग्रॅम, फॉस्फेट 0.03 ते 0.1 असलं तर बरं. दगड केसाळ हिरवे आणि किट मात्र शून्य दाखवतंय, असं असेल तर खूश होऊ नका. पाण्यातलं सगळं त्या शेवाळानेच खाल्लेलं असतं.

आता खरा संशयित: तुम्ही रोज वरून ओतता ते पाणी. बाष्प होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. पण नळाच्या पाण्यातले फॉस्फेट आणि सिलिकेटही असेच मागे राहतात. मे महिन्यात पंखा लावलेल्या 100 लिटरच्या टाकीतून दिवसाला 2 लिटर गेलं, तर 50 दिवसांत अख्ख्या टाकीभर नळाच्या पाण्यातला माल आत साठला. मी वर्षभर स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालत होतो आणि माशांच्या खाण्याला दोष देत होतो. शेवटी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवला, आकडा आला 62! बऱ्याच घरगुती यंत्रांत चवीसाठी मिनरल कार्ट्रिज असते, काहींत थोडं कच्चं पाणीही मिसळतात. पिण्याला उत्तम, टाकीला नाही. आरओनंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा, डबा जोडा आणि मीटर 0 दाखवेपर्यंत ते पाणी टाकीत घालू नका.

मिरामार किनाऱ्यावरून समुद्राच्या पाण्याचे कॅन भरून आणण्याचा मोह गोव्यात प्रत्येकाला होतो. ते मांडवीचं मुख आहे. पावसाळ्यात तिथे नदीचं गढूळ गोडं पाणी वाहत असतं. मिठागरातलं खडे मीठही नको, कारण ते बहुतांशी सोडियम क्लोराइड असतं, मॅग्नेशियमचा मोठा भाग आगरातच मागे राहतो. मरीन सॉल्ट (अशा टाक्यांसाठीचं तयार मीठ) घ्या, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे क्षारता मोजायच्या यंत्रावर, हजारी 35 आली की वापरा.

एवढं जमल्यावर खरवडायला घ्या. केस हाताने उपटा, साय सायफनने ओढून घ्या, दर आठवड्याला 10 ते 15 टक्के पाणी बदला. गोठवलेलं खाद्य गाळणीत धुऊन द्या, त्याचं पाणी टाकीत नको. दिवा 8 तासांवर आणा, खिडकीचं ऊन अडवा. सायनो जिथे जमतं तिथे बहुधा पाणी साचलेलं असतं, तिकडे पंपाचं तोंड वळवा. डायनो असतील तर मात्र पाणी बदलणं थांबवा, खाणं थोडं वाढवा.

पावसाळ्यात दोन गोष्टी बदलतात. हवेत दमटपणा असल्याने बाष्पीभवन मंदावतं, म्हणून पंख्याने पाणी फारसं गार होत नाही आणि भरही कमी लागते. जुन्या सवयीने ओतत राहिलात तर क्षारता घसरते. आणि वीज जाते. बॅटरीवरचा हवेचा पंप जूनआधीच घेऊन ठेवा.

शेवाळ खायला गोगलगायी दुकानातून आणा. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलू नका, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण बंदी आहे. पाणी सुधारल्यावरही दगड स्वच्छ दिसायला दीड-दोन महिने लागतात. तोवर आठवड्यातून एकदा उपटत राहायचं.