शेडिंग मळकट होतंय? आधी डोळे किलकिले करा

स्वतःच्या स्वतः चित्रकला शिकताना रेखाटन जमतं, पण छाया भरली की सगळं एकाच राखाडी रंगाचं, सपाट दिसतं.

सोलापुरात सरावाला भुईकोट किल्ल्याचा गोल बुरूज घ्या. उभा दंडगोलच तो. ऊन एका बाजूने पडतंय असा बुरूज निवडा आणि सकाळीच जा, डोक्यावरच्या उन्हात आकार कळत नाही.

१. डोळे किलकिले करून बघा. दगडांचे सांधे, गवत दिसेनासं होतं. उजेड, मधली छटा आणि गडद असे तीनच भाग उरतात.
२. त्यांच्या हद्दी फिकट रेषेने आखा. ऊन सरकलं तरी त्या बदलू नका.
३. उजेड म्हणजे कोरा कागद. मधला भाग २बी पेन्सिलीने, गडद ६बीने. महागडा संच खरंच लागत नाही.
४. दगड सगळ्यात शेवटी, तेही मोजकेच, जिथे उजेड आणि छाया भिडतात त्या पट्ट्यात. खडबडीतपणा तिथेच सर्वांत छान उठून दिसतो.

बोटाने मात्र घासू नका. कातडीचं तेल कागदाला लागलं की तो डाग खोडरबराला दाद देत नाही.