विमानाच्या फ्युएल सिस्टीमच्या मार्केटवर रिपोर्ट करताय? या चुका टाळा

गोव्यात पर्वरीत बसून वेर्ण्यातल्या छोट्या कारखानदारांना विमानाच्या पार्टच्या मार्केटचे रिपोर्ट करून देतो मी, आणि दरवर्षी नवीन पोरं येतात नि त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे ऑर्डरलाच डिलिव्हरी समजणं. जून 2023 मध्ये इंडिगोने 500 एअरबसची ऑर्डर दिली, पेपरात मोठ्ठे मथळे, आणि आमच्या एका पोराने ती 500 विमानं पुढच्या तीन वर्षांत वाटून टाकली, प्रत्येकाला इतके पंप, इतके व्हॉल्व, टाकीतलं इंधन मोजणारे इतके प्रोब असा गुणाकार करून ग्राफ थेट आभाळात. चवथीचा आदला दिवस, मला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायची घाई, मी पण न बघता सही ठोकली. आमचे एक क्लायंट व्हॉल्व बॉडीचं मशीनिंग करतात, ते भाई तो ग्राफ घेऊन बँकेत सीएनसी मशीनसाठी कर्ज मागायला! तिथल्या बाईंनी साधं विचारलं, विमानं येणार कधी? त्या ऑर्डरची विमानं यायची आहेत 2030 ते 2035 मध्ये. कर्ज झालं नाही म्हणून वाचलो, पण भाईंनी महिनाभर माझा फोन उचलला नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत ऑर्डर पेन्सिलीने, डिलिव्हरी पेनाने. बोइंगने 2023 मध्ये 528 विमानं दिली, 2024 मध्ये 348. त्यांच्या एका विमानाचा दरवाजाचा प्लग, म्हणजे न वापरलेल्या दरवाजाच्या जागचं झाकण, हवेत उडाला, मग तपासण्या, मग संप, आणि ऑर्डरींचा ढीग होता तिथेच.

एटीएफ, म्हणजे विमानाचं इंधन, महागलं म्हणजे हे मार्केट वाढलं, असं कृपा करून लिहू नका. फेणी महाग झाली म्हणून कोणी पेले जास्त घेतं का?

स्पेअर्सचा अंदाज ताफ्यावर नाही, उड्डाणाच्या तासांवर करायचा. मे 2023 मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली, विमानं कागदावर होतीच, पण उभ्या विमानाचा पंप झिजणार कसा?

नियम विसरणं ही माझी दुसरी चीड. 1996 मध्ये टीडब्ल्यूए कंपनीच्या फ्लाइट 800 चं बोइंग 747 पडलं, मधल्या टाकीतल्या वाफेचा स्फोट, 230 माणसं गेली. टाकीतली वाफ पेट घेऊ नये यासाठीचा अमेरिकेचा नियम आला 2008 मध्ये, आणि टाकीत नायट्रोजन सोडणारी यंत्रणा जुन्या विमानांतही बसवायची वेळ आली. म्हणजे नवीन विमान एक नाही तरी धंदा! पण मधे बारा वर्षं गेली, तेवढा धीर आजच्या पोरांना कुठला, त्यांना एआयकडून पाच मिनिटांत वाढीचा टक्का हवा.

सॅफ, म्हणजे खनिज तेलाशिवाय बनवलेलं विमानाचं इंधन, आलं की सगळे पाइप बदलणार, हेही खोटं. आजच्या नियमात ते साध्या इंधनात जास्तीत जास्त 50 टक्के मिसळतात, तेही आहे त्याच विमानात. खरी गोम शंभर टक्के सॅफच्या गोष्टीत आहे: त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ॲरोमॅटिक्स (साध्या इंधनातले एक प्रकारचे हायड्रोकार्बन) जवळपास नसतात, त्यांच्यामुळे फुगून घट्ट बसलेलं जुनं नायट्राइल रबरचं सील मग आकसतं नि गळती लागते. म्हणून सील करणाऱ्या क्लायंटला मी आधी रबर कुठलं ते विचारतो, मार्केटचं नंतर.

हायड्रोजनचं पान मी सध्या काढूनच टाकतो, एअरबसने 2035 पर्यंत हायड्रोजनवर उडणारं विमान आणायचा वायदा 2025 मध्ये पुढे ढकलला.