हॅमॉकमध्ये पाठ न दुखता झोपायचं असेल तर

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, ताणून बांधू नका. बहुतेकांची पाठ इथेच धरते. झाडाला बांधायचा पट्टा जमिनीच्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करेल इतका झोल ठेवा. या कोनात प्रत्येक पट्ट्यावर जवळपास तुमच्या वजनाइतका ताण येतो. 10 अंशांवर आणलात तर तो जवळजवळ तिप्पट होतो. कोन मोजायला अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणून पिस्तुलासारखी धरा. तर्जनी आडवी, अंगठा वर. पट्टा या दोन्ही बोटांच्या टोकांना जोडणाऱ्या रेषेत आला की झालं.

मग आत तिरके झोपा: डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. कापड पसरतं, पाठ सपाट होते. पाय वर राहून गुडघे ताठत असतील तर गुडघ्यांखाली उशी घ्या. पायाकडचं टोक वीतभर उंच बांधलं की रात्री घसरायला होत नाही.

झाड जिवंत आणि जाडजूड हवं, वर वाळलेली फांदी नको. हे अंधार पडण्याआधीच मान वर करून बघा. बसल्यावर उंची खुर्चीएवढीच. आणि पाठीखाली चटई हवीच, गार वारा खालूनच लागतो.