माळ्यावरच्या डब्यात पगडी सापडली, आता तिचं काय करायचं?

मोठ्या आत्याचं घर आवरताना माळ्यावरून एक गोल पत्र्याचा डबा खाली आला. फराळाचा असेल म्हणून झाकण उघडलं, तर आत पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राच्या बोळ्यांमध्ये एक लाल पगडी बसलेली. पाच मिनिटांत घरात चार पक्ष पडले. काकू म्हणाली, काचेच्या पेटीत घालून हॉलमध्ये लावू. एक चुलतभाऊ म्हणाला, काठाची जरीची तार खरी असेल तर सोनाराला दाखवू. कोणी संग्रहालयाचं नाव काढलं. तेवढ्यात भाच्याने ती डोक्यावर चढवून फोटोही काढला. चटकन एक बारीक आवाज आला आणि कडेची एक घडी फाटली.

त्या घडीने मला वर्षभराचा अभ्यास करायला लावला. तुमच्याकडे पगडीऐवजी मंदिल, काळी टोपी किंवा आजोबांची सोला हॅट निघाली असेल, तरी क्रम साधारण हाच ठेवा.

पहिल्या दिवशी काहीच ठरवू नका

डोक्यावर तर अजिबात घालू नका. फेटा, पटका, रुमाल हे दर वेळी नव्याने बांधायचे. पगडी मात्र पगडबंदाकडून एकदाच बांधून आणायची आणि मग टोपीसारखी घालायची. त्यासाठी आतला भाग कागद किंवा जाड कापडाला खळ लावून कडक केलेला असतो. साठ-सत्तर वर्षांनी ती खळ पापडासारखी ठिसूळ होते. शिवाय पगडी ज्यांच्यासाठी बांधली गेली, त्यातल्या अनेकांचं डोकं शेंडीपुरते केस सोडून तासलेलं असायचं. आजच्या भरघोस केसांवर ती बसायचीच नाही, आणि दाबून बसवली की आमच्यासारखं होतं.

उचलताना वरच्या टोकाला धरू नका. दोन्ही हात खालून घाला, कोरडे आणि धुतलेले. काही हलवण्याआधी डब्यात आहे तशीच फोटोत घ्या, मग सगळ्या बाजूंनी. वर्तमानपत्राचे बोळे फेकू नका. त्यावर तारीख सापडली तर निदान एवढं कळतं की त्या दिवसाच्या आधी ही पगडी या डब्यात अशी भरलेली नव्हती. बोळे वेगळ्या पाकिटात ठेवा. पगडीला चिकटून मात्र राहू देऊ नका, कारण त्या कागदातलं आम्ल कापड पिवळं आणि कच्चं करतं.

नेमकं काय आहे ते ओळखा

इथे घाई करू नका, गंमत इथेच आहे. एके काळी डोक्यावर काय आहे ते पाहून माणसाची जात, गाव, धंदा, कोणाच्या दरबारातला, हे लांबूनच सांगता यायचं. पुणेरी पगडी वेगळी, शिंदेशाही वेगळी, होळकरी वेगळी. रानडे, टिळक, गोखले यांच्या फोटोंमुळे पुणेरी पगडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणून घरात निघालेली प्रत्येक लाल पगडी पुणेरीच, असं धरून चालू नका. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याकडे नोकरीला गेलेल्या मराठी घरांत तिकडची बांधणी निघते. (आणि माहितीसाठी इंटरनेटवर ‘पागडीची किंमत’ शोधू नका. गिरगावातल्या खोल्यांचे भाव येतात.)

पगडी उलटी करून मऊ उशीवर ठेवा आणि दिवसाच्या उजेडात आतून बघा. आमच्या पगडीत कपाळाच्या बाजूला तेलाची काळपट रेघ होती आणि तिच्या मधोमध बोटाएवढा पिवळसर डाग. बराच वेळ कळेना. मग लक्षात आलं, गंधाचा! रोज गंध लावून, वर पगडी चढवून कोणीतरी कामाला जात होतं. म्हणजे ही लग्नापुरती घेतलेली वस्तू नव्हती, रोजच्या वापरातली होती. आतला घेर दोऱ्याने मोजून ठेवा. दुकानदाराची चिठ्ठी, शिक्का, शाईने लिहिलेली आद्याक्षरं दिसतात का ते बघा.

मग घरातले जुने फोटो काढा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा. “ही कोणाची?” असं विचारलंत तर “आजोबांची असेल” एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी “आजोबा कचेरीतून आल्यावर पगडी कुठे ठेवायचे?” असं विचारा. आमच्या काकांना पगडी कोणाची ते आठवत नव्हतं, पण देवघराशेजारचा कोनाडा आठवला, तिला हात लावल्याबद्दल खाल्लेली चापट आठवली, आणि त्या चापटीवरून माणूस सापडला. पणजोबा नव्हे, त्यांचे धाकटे भाऊ. बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. सोला हॅट भेंडाची असते, लग्नातली बाशिंगं ज्याची करतात त्याच भेंडाची. वजनाला कापूस आणि पाण्याची वैरीण. परदेशातून आलेली जुनी फेल्ट हॅट असेल तर ती जपून हाताळा. सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांचं फेल्ट करताना पूर्वी पाऱ्याचं संयुग वापरत. अमेरिकेत ते १९४१ मध्ये बंद झालं. अशी हॅट घरात झटकू नका, हाताळल्यावर हात धुवा आणि मुलांच्या नाटकाला देऊ नका.

कसर आहे का ते बघा

भोकं, भुशासारखी पूड, अळीची रिकामी कात दिसली तर कसर लागलेली आहे. लोकर, रेशीम आणि खळ, तिन्ही तिला प्रिय. अशी वस्तू त्याच दिवशी बाकीच्या कपड्यांपासून वेगळी करा. ती पूर्ण कोरडी असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि शून्याखाली १८ अंशांवर चालणाऱ्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कापडावर हवेतलं पाणी धरतं. मोती, खडे किंवा भेंड असेल तर हा उपाय करू नका.

धूळ काढायला रंगकामाचा नवा, मऊ ब्रश पुरतो. धुणं नाही, ड्रायक्लीनिंग नाही, इस्त्री तर नाहीच. आपल्याकडे भाद्रपदातलं ऊन कपड्यांना दाखवायची पद्धत चांगली आहे, पण रंगीत रेशमाला ते सोसत नाही. सावलीत, वाऱ्यावर तासभर ठेवा.

जरीचा मोह

जुन्या जरीच्या साड्या घेणारे दारावर येतात, ते पगडीही घेतात. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ती जाळून चांदी काढतात आणि तेवढ्याचेच पैसे देतात. पगडीचा काठ केवढा, त्यावरची तार किती बारीक! भाव कितीही चढलेला असो, हाती येणारी रक्कम ऐकून तुम्हालाच ओशाळल्यासारखं होईल. माझं मत विचाराल तर हा एक पर्याय यादीतून खोडून टाका.

जरीची तार काळी पडली असेल तर ती खरी असू शकते. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर यातलं काही लावू नका. वरचा मुलामा इतका पातळ असतो की काळेपणाबरोबर तोही जातो.

कोणाकडे द्यायची

पगडीचा सातबारा नसतो आणि तिचे तीन भावांत तीन वाटेही होत नाहीत. ‘मोठ्या मुलाकडे’ हा रिवाज बरा वाटतो, पण मोठा मुलगा मुंबईत तळमजल्यावर, ओल आलेल्या खोलीत राहत असेल तर पगडीचे दोन पावसाळेही निघायचे नाहीत. कोरडं घर आणि थोडी आस्था ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे द्या, बाकीच्यांना चांगले फोटो द्या.

लग्नामुंजीत घालायला हवी असेल तर नवी विकत घ्या, पुण्यात तयार मिळतात. जुनी शेजारी ताटात ठेवून मान द्या. स्नेहसंमेलनातल्या टिळकांसाठी ड्रेपरीवाल्याकडची पगडी पुरेशी आहे.

संग्रहालयाला द्यायची असेल तर आधी फोटो आणि लिहून काढलेली माहिती पाठवा, वस्तू घेऊन थेट दारात जाऊ नका. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय अशाच रोजच्या वापरातल्या वस्तूंवर उभं आहे. दिनकर केळकरांनी ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने केलं. पण कुठलंही संग्रहालय सगळं घेऊ शकत नाही, आणि घेतलेलं सगळं मांडतही नाही. तुमची पगडी कपाटात राहील, हे मान्य असेल तरच दानपत्रावर सही करा. कोणी घातली, कुठे, केव्हा, हे सांगता आलं तर त्यांचा रस वाढतो. आधीची मेहनत इथे कामी येते.

लेक न्यू जर्सीला असेल आणि “मी घेऊन जाते” म्हणत असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू घरच्या माणसालाही अशी देशाबाहेर नेता येत नाही. वय शंभरच्या आसपास असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. विमानतळावर हुज्जत घालण्यापेक्षा ते बरं.

ठेवायची तर अशी

काचेच्या पेटीचा हट्ट काकूने अखेर सोडला. हॉलमधला उजेड कापडाचा रंग खातो. संग्रहालयात अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (उजेडाचं माप) एवढाच उजेड पडू देतात, खिडकीपाशी त्याच्या कितीतरी पट असतो. खुंटीवर टांगायची नाही, पगडीचा भार एकाच बिंदूवर येतो. मांजरपाट खळ जाईपर्यंत दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन वाळवा, त्याची मऊ उशी करून पगडीच्या आत बसवा आणि वरून त्याच कापडाचं सैल आच्छादन घाला. प्लास्टिकची पिशवी नको, आत दमटपणा कोंडतो. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही आणि तो श्वासात जाणं चांगलं नाही. वेखंडाची पुरचुंडी डब्याच्या कोपऱ्यात चालेल, कापडाला लागू देऊ नका. पावसाळा संपला की दरवर्षी एकदा उघडून बघा. दसऱ्याला शस्त्रं-पुस्तकं काढतो तेव्हा हेही होऊन जातं.

फाटलेली घडी आम्ही शिवली नाही. सुईने ठिसूळ रेशमाला आणखी भोकं पडली असती. डबा आता साताऱ्याला धाकट्या आत्याच्या लाकडी कपाटात आहे. झाकणाच्या आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आहे: ‘रामकाकांची. कचेरीत जाताना रोज घालत. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवत. हात लावला की चापट मिळे. उजवीकडची घडी आम्ही फाडली.’