मिक्सरमधून ग्राफीन काढताय? या चुका टाळा

साबणाच्या पाण्यात ग्रॅफाइट मिक्सरला फिरवून ग्राफीन, म्हणजे ग्रॅफाइटचे सुटे झालेले अतिपातळ थर, काढतात. पण पाणी काळं झालं की मुलांना वाटतं ग्राफीन तयार झालं, आणि इथे इंदूरमध्ये प्रोजेक्टवाल्यांची सगळ्यात जास्त गाडी अडते ती इथेच. ग्रॅफाइटची नुसती बारीक पूडही पाणी तितकंच काळं करते. बाटली रात्रभर न हलवता ठेवा, तळाशी करडा चमचमता गाळ बसेल, तो न सुटलेला ग्रॅफाइट, त्याला हात लावू नका, वरचं पाणी अलगद ड्रॉपरने काढा आणि मग सेंट्रिफ्यूजला (जोरात फिरवून जड कण खाली बसवणारं यंत्र) लावा. हे केलं नाही तर त्याची शाई करून छापताना इंकजेट प्रिंटरचं नोझल चोक होणारच, कण नोझलच्या भोकाच्या पन्नासाव्या भागाहून लहान हवेत असा हिशोब धरतात.

मिक्सरची पद्धत खरी आहे बरं का, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात कोलमन यांच्या ग्रुपने 2014 मध्ये किचन ब्लेंडर आणि भांड्यांचं लिक्विड घेऊन ते करून दाखवलंय. पण आपल्याकडे लोक सरळ नळाचं नर्मदेचं पाणी ओततात. साबणाचे चार्जवाले रेणू थरांना एकमेकांपासून लांब ठेवतात, पाण्यातलं कॅल्शियम तोच चार्ज मारतं आणि सुटलेले थर परत चिकटतात. डिस्टिल्डच घ्या.

मिक्सरऐवजी सोनिकेटर (ध्वनिलहरींनी थर सोडवणारं यंत्र) वापरत असाल तर जास्त वेळ म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. थर सुटतात तसे तुटतातही, तुकडे लहान झाले की जोड वाढतात आणि रेझिस्टन्स पण. मे महिन्यात तर बाथचं पाणी बघता बघता तापतं, बर्फ घालत रहा.

आता मीटर. ग्राफीनची फिल्म (पातळ पापुद्रा) मस्त काळी चकचकीत आणि मीटर मेगाओहम दाखवतोय, तर बहुतेक वेळा साबण आत राहिलाय, तो करंट जाऊ देत नाही. व्हॅक्यूम फिल्टरवर फिल्म बनवा आणि फेस येणं थांबेपर्यंत वरून डिस्टिल्ड पाणी सोडत रहा, घाई करू नका प्लीज. साबणाच्या पाण्याऐवजी एनएमपी हे सॉल्व्हंट घेतलं असेल तर ते 200 डिग्रीच्या वर उकळतं, नुसत्या पंख्याखाली वाळत नाही, आणि गर्भाला घातक आहे म्हणून ग्लोव्हज आणि फ्यूम हूड पाहिजेच. आणि बाटलीवर ग्राफीन ऑक्साइड लिहिलंय का तेही बघा, ते रिड्यूस केल्याशिवाय, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढल्याशिवाय, नीट कंडक्ट करत नाही.

तरी शंका असेल तर रामन टेस्ट (लेझर टाकून पदार्थ ओळखण्याची) करून घ्या, खंडवा रोडच्या यूजीसी-डीएई या संशोधन सेंटरला गाइडमार्फत विचारा. रामनच्या आलेखात 2700 सेमी⁻¹ च्या आसपासचा पीक एका बाजूला खांदा काढून बसला असेल तर अजून ग्रॅफाइटच आहे, परत सेंट्रिफ्यूजला लावा.